रोजकीर्द, खतावणी आणि रविवारचा मेळ : कामांची घडी बसवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदुरात हिशेब लिहिण्याचं आणि जीएसटी-आयकराची विवरणपत्रं भरण्याचं काम करते. घरी सासूबाई, नवरा आणि बारावीतली मुलगी आहे. बाहेर तीसेक व्यापाऱ्यांचं काम आहे, आणि गल्लीतल्या गणपतीच्या जमाखर्चाची वहीही माझ्याकडेच असते. हे सगळं वेळेवर कसं होतं, असं ओळखीतले लोक विचारतात. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे. पद्धत माझ्या एकटीची नाही. अर्धी बाबांकडून आली, ते एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये एका पेढीवर मुनीम होते. उरलेली अर्धी डेव्हिड ॲलन या अमेरिकी सल्लागारांनी २००१ साली मांडलेल्या कार्यपद्धतीतून घेतली. दोन्हींचा गाभा एकच आहे हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

माझ्या सगळं लक्षात राहतं. मग लिहायचं कशाला?

लक्षात राहतं, पण नको त्या वेळी आठवतं. सिलिंडर नोंदवायचं राहिलं हे भाजी फोडणीला टाकल्यावर आठवतं, आणि कुणाला फोन करायचा होता हे रात्री अकराला, अंथरुणावर पाठ टेकल्यावर.

ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ साली बर्लिनमधले प्रयोग प्रसिद्ध केले. मध्येच थांबवलेली कामं पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवतात, असं त्यात दिसलं होतं. पुढे इतरांनी ते प्रयोग करून पाहिले, तेव्हा निकाल दर वेळी तसाच आला नाही. मला त्याहून उपयोगी वाटतो तो मॅसिकॅम्पो आणि बॉमायस्टर यांचा २०११ चा अभ्यास. अर्धवट काम मनात टोचत राहतं हे त्यांना दिसलंच, पण ते काम कधी आणि कसं करायचं हे माणसानं नेमकं ठरवलं की, काम झालेलं नसतानाही, टोचणी कमी होते हेही दिसलं. मनाला काम संपल्याची खात्री लागत नाही, ते कुणीतरी सांभाळतंय एवढी खात्री पुरते. आणि एका वेळी डोक्यात धरून ठेवता येतात त्या गोष्टी थोड्याच. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये हा आकडा चारच्या आसपास धरला. सकाळी आठ वाजता तुमच्या डोक्यात किती गोष्टी असतात ते मोजून पाहा.

मी लिहायला लागले ती एका चुकीमुळे. एका लग्नाच्या पंगतीत एका व्यापाऱ्यानं सांगितलं, "ताई, या महिन्याचं थ्री-बी तेवढं बघा." थ्री-बी म्हणजे जीएसटीचं मासिक विवरणपत्र, मुदत वीस तारखेची. मी "हो, बघते" म्हटलं आणि विसरले. वीस तारीख उलटून गेली. उशिराचं शुल्क दिवसाला ५० रुपये, वर व्याज. पैसे मी भरले. पण ज्यानं विश्वासानं काम सोपवलं, त्याच्या दुकानात जाऊन हे सांगायला मला जे जड गेलं, ते अजून आठवतं.

सुरुवात कुठून करू?

एका वहीपासून. आधी याद्या, रंग, विभाग काही आखू नका.

बाबांच्या पेढीवर दोन वह्या असत. रोजकीर्दीत दिवसभरातला प्रत्येक व्यवहार जसा घडेल तसा, त्याच क्रमानं लिहायचा. त्या वेळी विचार करायचा नाही, फक्त नोंद. मग निवांत बसून प्रत्येक नोंद खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायची, म्हणजे खतवायची, आणि रोजकीर्दीत बाजूला खातेपानाचा आकडा टाकायचा. ज्या नोंदीपुढे आकडा नाही, ती खतवायची राहिली हे लांबूनही दिसे.

कामांचंही असंच करायचं. दिवसभरात जे येईल ते एका जागी लिहा : "आईंचं बीपीचं औषध", "शर्माजींचं बिल नाही आलं", "मुलीचा चष्मा", "गच्ची गळतेय". लिहिताना महत्त्वाचं की बिनमहत्त्वाचं हे ठरवू नका. ते ठरवायची वेळ वेगळी. लिहिणं आणि ठरवणं एकत्र केलं की दोन्ही अर्धवट होतात. बहुतेकांची यादी इथेच फसते, असं माझं ठाम मत आहे.

जुनी इतकी कामं साठली आहेत की लिहायला घेतलं तरी घाबरायला होतं. ती आधी संपवू का?

नाही. आपल्याच शहराकडे बघा. इंदूर २०१७ साली स्वच्छतेत देशात पहिलं आलं, ते आधी दारातून कचरा वेगवेगळा निघायला लागला म्हणून. देवगुराडियाचा कचऱ्याचा जुना डोंगर त्यानंतर उपसला गेला. रोजची गाडी मिसळलेलाच कचरा नेऊन ओतत राहिली असती तर तो डोंगर उपसून काय उपयोग होता? आज सकाळी गाडीचं गाणं ऐकू आलं की आपण ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा वेगवेगळा देतो, आणि त्याला मिनिटही लागत नाही, कारण निवड घरातच झालेली असते.

तसंच आजपासून येणारी कामं नीट नोंदवायला लागा. जुन्यासाठी एखाद्या सुट्टीला दोन तास काढा. मी रंगपंचमीच्या संध्याकाळी बसते. दुपारपर्यंत गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, संपलेली असते, शहर थकून शांत झालेलं असतं, फोन वाजत नाही. डोक्यातलं, फ्रिजवर चिकटवलेलं, पर्समधल्या चिठ्ठ्यांवरचं सगळं रोजकीर्दीत उतरवते. पहिल्या वर्षी एकशे चाळीस नोंदी झाल्या होत्या. त्या सगळ्या करायच्या नसतात, फक्त दिसायला हव्यात.

काम आणि प्रकल्प यांत फरक काय? घरात कसले आलेत प्रकल्प?

घरात ऑफिसपेक्षा जास्त असतात. एका बैठकीत होत नाही ते प्रत्येक काम माझ्या हिशेबी प्रकल्प आहे, आणि त्याला खतावणीत स्वतःचं खातं हवं.

सासरे गेल्यावर घराच्या मालमत्ता कराच्या खात्याचं नामांतरण करायचं होतं. माझ्या यादीत "घराचं नामांतरण" असं सात महिने लिहिलेलं होतं. रोज यादी वाचताना त्या ओळीवरून नजर घसरायची. मी आळशी नव्हते. ती ओळ हातानं करता येण्यासारखी नव्हती, एवढंच. नामांतरण हे फळ आहे, कृती नाही. एका रविवारी मी त्याचं वेगळं पान उघडलं. वर लिहिलं : "करपावती सासूबाईंच्या नावानं येणं", म्हणजे हे संपलं हे कशावरून ओळखायचं ते. त्याखाली सुचतील तसे टप्पे लिहिले : मृत्यू प्रमाणपत्राच्या प्रती, रजिस्ट्री शोधणं, नणंदेची संमती, शपथपत्र, मागच्या वर्षीची करपावती. आणि सगळ्यांत शेवटी एका ओळीखाली रेघ ओढली : "लोखंडी कपाटाच्या वरच्या खणातून रजिस्ट्रीची फाईल काढणं." हे पाच मिनिटांचं काम होतं, आणि मी ते त्याच संध्याकाळी केलं. सात महिने न हललेलं काम सहा आठवड्यांत झालं.

म्हणून प्रत्येक खात्यात दोन गोष्टी कायम हव्यात : शेवट कसा दिसेल, आणि त्याच्या दिशेनं पुढचं एकच पाऊल. मधले टप्पे सुचले तर लिहा, नाही सुचले तर राहू द्या.

पुढचं पाऊल कसं लिहायचं?

क्रियापदानं, आणि इतकं नेमकं की दुसऱ्याच्या हाती चिठ्ठी दिली तरी त्याला ते करता येईल. "गच्ची" असं नको. "वॉटरप्रूफिंगवाल्याचा नंबर शेजारच्या काकूंकडून घेणं" असं हवं. "मुलीचं कॉलेज" असं लिहिलं की पोटात गोळा येतो. "तिच्याबरोबर बसून पाच कॉलेजांची नावं कागदावर मांडणं" असं लिहिलं की चहाबरोबर होऊन जातं.

वही बरी की ॲप?

मी वही वापरते, तारखांसाठी फोनमधलं कॅलेंडर. भाचा सुपर कॉरिडॉरवर सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे, तो ऑर्ग-मोड वापरतो. कार्स्टन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञानं २००३ साली स्वतःच्या टिपणांसाठी ते बनवायला घेतलं. साध्या मजकुराच्या फाईलमध्ये मथळे, त्याखाली कामं, कामापुढे स्थिती आणि तारीख. मला त्यातली एक गोष्ट मनापासून आवडते : फाईल साधी असल्यानं उद्या प्रोग्रॅम बंद पडला तरी मजकूर कुठेही उघडतो. ॲप निवडताना एवढं जरूर पाहा, की तुमच्या नोंदी तुम्हाला बाहेर काढता येतात की नाही. नवऱ्याला भिंतीवरचे तीन रकाने सोयीचे वाटतात : करायचं, चालू, झालं. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी रुजवलेल्या कानबान पद्धतीचं हे घरगुती रूप आहे, आणि "चालू" रकान्यात तीनपेक्षा जास्त चिठ्ठ्या लावायच्या नाहीत हा नियम पाळला तरच ते चालतं.

साधन कुठलंही घ्या, पण सहा महिने बदलू नका.

प्रत्येक कामाला तारीख द्यावी का?

देऊ नये. माझ्याकडे लोक सगळ्यांत जास्त वाद घालतात तो यावर.

माझ्या धंद्यात काही तारखा दगडावरची रेघ असतात. टीडीएसचा, म्हणजे आधीच कापून घेतलेल्या आयकराचा, भरणा सात तारखेला, मासिक जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, अकराला, थ्री-बी वीसला. त्या हुकल्या तर दुसऱ्याचं नुकसान होतं. आता याच यादीत मी "कपाट आवरणं – १२ तारीख" असं लिहिलं, आणि बारा उलटल्यावर काहीच झालं नाही, की मन शिकतं : यादीतल्या तारखा खोट्या असतात. मग एक दिवस वीस तारखेलाही ते तसंच वागतं. म्हणून कॅलेंडरवर फक्त त्याच गोष्टी टाका, ज्या त्या दिवशी झाल्या नाहीत तर खरंच काहीतरी बिघडेल : मुदती, ठरलेल्या भेटी, मुलीची परीक्षा, "सानंद" या इथल्या संस्थेच्या नाटकाची तारीख. बाकीची कामं तारखेविना खात्यात राहू देत, रविवारी ती दिसणारच आहेत.

शेवटच्या तारखेबरोबर सुरुवातीची तारीख मात्र लिहा. वीसच्या थ्री-बीसाठी व्यापाऱ्याला बिलं मागायचा फोन माझ्या कॅलेंडरवर पाच तारखेला असतो.

मला वाटतं त्यापेक्षा प्रत्येक कामाला जास्त वेळ लागतो. माझंच काही चुकतं का?

सगळ्यांचंच असं होतं. १९९४ साली ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी कॅनडातल्या विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत होईल असं विचारलं. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा आला. सगळं बिघडत गेलं तर किती लागतील, यालाही उत्तर ४९ च्या आसपास होतं. प्रत्यक्षात लागले ५५ पेक्षा जास्त. यावर उपाय म्हणजे मागच्या खेपेचा खरा वेळ लिहून ठेवायचा. आमच्या गणपतीचा हिशेब मिटवायला माझ्या मनात कायम "एक दिवस" असे. वहीत पाहिलं तर तीन वर्षं ओळीनं नऊ, अकरा आणि दहा दिवस लागले होते, कारण मंडपवाल्याची पावती उशिरा येते. आता मी मंडळाला दहा दिवस सांगते आणि कुणाची नाराजी होत नाही.

दोन मिनिटांचा नियम काय आहे?

नोंदी खतवायला बसलात आणि एखादं काम दोन मिनिटांत होणारं असेल, तर लिहीत बसू नका, तिथल्या तिथे करा. मात्र हे खतवतानाच. ताळेबंद जुळवताना मध्येच दोन मिनिटांचं काही केलं तर अर्धा तास गेला म्हणून समजा.

तातडीचं आधी की महत्त्वाचं आधी?

चार चौकोनांची ती आकृती आयझेनहॉवर यांच्या नावानं चालते. तातडीचं आणि महत्त्वाचं एक नसतं, हा विचार त्यांनी १९५४ च्या एका भाषणात सांगितला, तोही दुसऱ्याचा म्हणून. विचार खरा आहे, पण रोज चौकोन भरत बसण्याची मला गरज वाटत नाही. मी सकाळी तीन ओळी निवडते. दोन कुठल्याही, आणि एक अशी, जी आज केली नाही तर कुणीच विचारणार नाही पण वर्षभरानं मला सलेल. सासूबाईंच्या डोळ्यांची तपासणी अशाच ओळीतून झाली. मोतीबिंदू वेळेवर कळला.

जागा एकच असली तरी वेळेप्रमाणे काम वेगळं ठेवता येतं. आपला सराफा दिवसभर सोन्या-चांदीचा असतो, दुकानं बंद झाली की त्याच ओटल्यांपुढे खाण्याचे ठेले, गराडू आणि भुट्ट्याचा कीस. माझं जेवणाचं टेबल सकाळी साडेदहा ते दीड हिशेबाचं असतं. त्या वेळात त्यावर भाजी निवडली जात नाही, हे घरानं मान्य केलं आहे.

माझं काम दुसऱ्याकडे अडकलेलं असेल तर?

त्यासाठी "येणं बाकी" असं वेगळं पान ठेवा. व्यापारी उधारी कशी लिहितो? कुणाकडून, किती, कधीपासून. तसंच लिहायचं : "सुतार – खिडकीचं माप – ४ तारखेपासून." आठवण करताना तारीख हाताशी असली की आवाज चढवावा लागत नाही. "भैया, चार तारखेला म्हणाला होतात" एवढं पुरतं. हे पान सुरू केल्यापासून माझी चिडचिड जेवढी कमी झाली, तेवढी दुसऱ्या कशानंही नाही.

अर्धी कामं व्हॉट्सॲपवर येतात. ती कशी पकडायची?

संदेश वाचला, निळ्या खुणा झाल्या आणि तो खाली गेला, की काम हरवलं. तारांकित करून ठेवणं ही नोंद नाही. ते तारे आपण परत बघत नाही. वहीत एक ओळ उतरवा, समोरच्याला "लिहून घेतलं" एवढं उत्तर द्या. तोंडी कामांनाही हेच. पंगतीत, जिन्यात, नाटकाच्या मध्यंतरात कुणी काही सांगितलं तर मी सरळ वही काढते. आधी लोकांना विचित्र वाटायचं. आता तेच म्हणतात, "लिहून घे गं."

घरातल्यांनाही यात घेता येतं का?

घ्यायलाच हवं. आमच्याकडे नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं. मोटर कधी लावायची, दूधवाल्याचे खाडे, गॅस, विजेचं बिल, शाळेची फी ही सगळी यादी वर्षानुवर्षं घरातल्या एकाच बाईच्या डोक्यात असते, आणि ती आजारी पडली की घर ठप्प होतं. आम्ही स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर हे लिहायला लागलो. प्रत्येक कामापुढे एका माणसाचं नाव. "सगळ्यांनी मिळून" असं चालत नाही, ते कुणाचंच नसतं. पाण्याचे दिवस मुलगी सांभाळते. सासूबाई ब्याऐंशीच्या आहेत, त्यांनी दुधाचा हिशेब घेतला आणि पहिल्याच महिन्यात दोन खाडे जास्त लागल्याचं पकडलं.

रविवारचा मेळ म्हणजे काय? तो टाळला तर चालेल का?

बाकी काहीही टाळा, हा टाळू नका. बाबा रोज रात्री रोकड मोजून वहीशी मेळ बसवत. एक रुपयाचा फरक असला तरी घरी निघत नसत. लहानपणी मला याचा राग यायचा, जेवण गार व्हायचं. आज वाटतं, इतकी वर्षं त्यांना शांत झोप लागायची ती त्यामुळेच. पेढी त्यांच्यासोबत घरी येत नसे.

मी आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी पोहे-जलेबी झाल्यावर पाऊण तास बसते. रोजकीर्दीतल्या न खतवलेल्या नोंदी खात्यांवर चढवते. मागच्या आठवड्याचं कॅलेंडर बघते, कारण झालेल्या भेटींतून नवी कामं निघतात आणि ती हमखास निसटतात. पुढचे दोन आठवडे बघते. मग प्रत्येक खातं उघडून एकच प्रश्न विचारते : पुढचं पाऊल लिहिलेलं आहे का? तीन रविवार एखादं खातं हललं नाही, तर पाऊल फार मोठं आहे किंवा ते काम मला मुळात करायचंच नाही. दोन्हींपैकी काय, हे खरं खरं ठरवायला लागतं, आणि पाऊण तासातला बराच वेळ तिथेच जातो. शेवटी "येणं बाकी"तले फोन सोमवारसाठी मांडते.

यादीवर विश्वास बसतो तो या वेळेमुळे. लिहिलेलं पुन्हा वाचलं जाणार नाही असं मनाला वाटलं, की ते परत सगळं स्वतःकडे ओढून घेतं, आणि रात्री अकराला जागं करतं.

दोन-तीन आठवडे छान चालतं आणि मग बंद पडतं.

माझंही बंद पडतं. मार्चअखेर आणि लग्नसराई एकत्र आली की तीन-तीन रविवार जातात. तेव्हा नवी वही आणू नका, नवं ॲप उतरवू नका. जिथे थांबलात त्या पानावर रेघ ओढून आजची तारीख घाला आणि पुढे लिहा. मागचं वाचून जे अजून जिवंत असेल तेवढंच खाली आणा.

"कधीतरी करू" अशा गोष्टींचं काय करायचं?

त्यांच्यासाठी वहीची मागची पानं. हौसेच्या, स्वप्नांच्या, अजून वेळ न आलेल्या गोष्टी तिथे ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा वाचा. तिथून काही खोडलं तर अपराधी वाटून घेऊ नका. मी पेटी शिकणं खोडलं, महेश्वरला चार दिवस राहणं पुढे आणलं आणि राहून आले.

एक ओळ मात्र चौदा वर्षं तिथेच होती : "आजोबांची ट्रंक". त्यात मोडीतले कागद आहेत, होळकरांच्या काळातले, आणि आता घरात मोडी वाचणारं कुणी नाही. मागच्या दिवाळीत मुलीनं ती ओळ पाहिली आणि विचारलं, "आई, याचं पुढचं पाऊल काय?" आम्ही दोघींनी खातं उघडलं. वर लिहिलं : "प्रत्येक कागदात काय आहे हे एका ओळीत माहीत असणं." खाली रेघ ओढून पहिलं पाऊल : "ट्रंक माळ्यावरून खाली आणून कागदांना ऊन न लावता फक्त मोजणं." दोनशे अकरा निघाले. सध्या ती रोज रात्री अर्धा तास मोडीची बाराखडी गिरवते, आणि पहिल्या कागदावरची तारीख तिला लागली आहे.